रविवारी मोठी भरती

"पाणमांजर तेवढं बघायचं राहिलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी अकराव्या खोक्यावर चिकटपट्टी ओढली.

चिकटपट्टीचा तो फर्रकन आलेला आवाज भरतीसाहेबांना बायकोच्या वाक्यापेक्षा जास्त बोलका वाटला.

बाईंनी एकतीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले होते. दरवर्षी सातवीला खारफुटीचा धडा येई, आणि दरवर्षी बाई फळ्यावर खडूने पाणमांजर काढीत. एकतीस वर्षांत एकतीस पाणमांजरे झाली. प्रत्यक्षात पाहिलेले मात्र एकही नव्हते. खाडी परदेशात असती तर गोष्ट वेगळी, पण ती घरापासून पाऊण तासावर होती. "पुढच्या रविवारी जाऊ," असे साहेबांनी म्हटल्याला एकोणीस वर्षे झाली होती. तो रविवार अजून उगवायचा होता.

आता उगवण्यासाठी फार रविवार शिल्लक नव्हते. महिनाअखेरीस साहेब निवृत्त होणार होते आणि दुसऱ्याच दिवशी सामानाचा ट्रक येणार होता. त्यानंतर मुक्काम कायमचा मुलीकडे, डोंगरावरच्या अशा गावात, जिथून समुद्र बघायचा तर भिंतीवर नकाशा लावावा लागे.

"येत्या रविवारी जाऊ," साहेब म्हणाले.

"येत्या म्हणजे कुठल्या?"

"ह्या. हा जो आता येतोय तो."

बाईंनी त्यांच्याकडे सातवीच्या वर्गाकडे बघतात तसे बघितले. "लिहून द्या," त्या म्हणाल्या.

पुढे जे काही झाले त्याला हे दोन शब्द कारणीभूत आहेत. कारण साहेबांना बोलणे पाळायची सवय नसली तरी लिहायची होती. किराणा मालाच्या यादीवरसुद्धा ते आधी 'विषय' लिहीत.

ते एका मोठ्या कार्यालयाच्या भरती शाखेचे प्रमुख होते, म्हणून सगळे त्यांना भरतीसाहेब म्हणत. त्या कार्यालयात अकरा वर्षे नोकरभरती बंद होती. परंतु ती कधीही सुरू होऊ शकते, तेव्हा शाखा तयार असावी, असा वरचा विचार होता. शाखेत साहेब होते आणि एक शिपाई होते, ज्यांना सगळे मामा म्हणत. दरवर्षी दोन-तीनशे माणसे भरती कधी म्हणून अर्ज पाठवीत. साहेब प्रत्येकाला 'आपला अर्ज योग्य वेळी विचारात घेतला जाईल' असे उत्तर लिहीत आणि मामा ते टपालात टाकीत. अकरा वर्षे दोघे मिळून योग्य वेळेची वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कार्यालयातून नावाड्याला फोन लावला.

"होडी आत खारफुटीत न्यायची तर मोठी भरती लागते, साहेब," नावाडी म्हणाला. "एरवी तोंडाशीच गाळात बसते. रविवारी आहे मोठी भरती. सकाळी सात दहाला. पुढची मग पंधरवड्यानं."

पंधरवड्याने साहेब डोंगरावर असणार होते.

"थोडा उशीर झाला तर चालेल?"

"मला चालेल हो. भरती कुणासाठी थांबत नाही."

होडी आठ जणांची होती. दोन जागा नवरा-बायकोच्या. उरलेल्या सहा जागांवर साहेबांनी वरच्या मजल्यावरच्या सहा सहकाऱ्यांना न्यायचे ठरवले. तेवढाच निरोपाचा कार्यक्रम होऊन जाईल. तोंडी सांगितले असते तर काम पाच मिनिटांचे होते. पण साहेबांनी कार्यालयाचा कागद घेतला, जावक नोंदवहीत नवे पान उघडले, क्रमांक टाकला आणि लिहिले :

'विषय : मोठी भरती. येत्या रविवारी सकाळी ठीक ७ वाजून १० मिनिटांनी मोठी भरती आहे. स्थळ : जुना धक्का. जागा मर्यादित. उशिरा येणाऱ्यांसाठी भरती थांबणार नाही, याची नोंद घ्यावी.' खाली सही, आणि सहीखाली शिक्का : शाखाप्रमुख, भरती.

मामांनी कागद वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"साहेब," ते म्हणाले, "आली?"

"काय?"

"भरती."

"रविवारी येतेय. आता वेळ घालवू नका. सगळ्यांना कळवा."

मामांनी सगळ्यांना कळवले. अकरा वर्षे ज्यांना फक्त नकार पोचवला त्यांना एकदाची चांगली बातमी द्यायची म्हटल्यावर मामा आपल्या हुद्द्याबाहेर जाऊन राबले. कागद आधी फाटकावरच्या फलकावर लागला. त्याच्या प्रती बसथांब्यावर, वाचनालयात आणि दोन केशकर्तनालयांत लागल्या. संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो गावभर फिरून एका उत्साही भाच्याकडून मामांच्याच फोनवर परत आला. वरच्या मजल्यावरच्या सहा जणांनाही तो मिळाला. साहेबांनी त्यांना जिन्यात "रविवारी होडी, लक्षात आहे ना?" असे विचारून ठेवले होते, म्हणून तेवढ्या सहा माणसांना कागदाचा खरा अर्थ कळला.

रविवारी साडेसहाला साहेब आणि बाई धक्क्यावर पोचले. बाईंच्या गळ्यात दुर्बीण होती, डोक्यावर टोपी होती आणि पिशवीत उकडलेली अंडी, पाव आणि केळी होती. होडी समोर डुलत होती. आणि तिच्यापासून थेट रस्त्यापर्यंत माणसांची एक शिस्तशीर रांग उभी होती. प्रत्येकाच्या काखेत फाईल होती. एक जण कोट आणि टाय घालून आला होता.

"एवढी माणसं पाणमांजर बघायला?" बाईंना आनंद झाला. "बघा, जागृती होतेय."

साहेबांनी रांगेतल्या पहिल्या फाईलवरचे नाव वाचले. त्याखालचे 'शैक्षणिक पात्रता' वाचले. आणि त्यांना आपल्या कागदावरचा शिक्का आठवला.

"हे बघा," त्यांनी हात वर केला. "गैरसमज झालाय. ही भरती आमच्या कार्यालयाची नाही. पाण्याची आहे."

रांगेतून कुजबूज मागे गेली. "पाणी खात्याची आहे म्हणे."

"मग तर बरंच. तिथं बदल्या नसतात."

"साहेब, जागा किती?" कोटवाल्याने विचारले.

साहेब प्रामाणिक माणूस. आणि होडी समोरच दिसत होती. "आठ," ते म्हणाले. "पण त्यातल्या दोन भरल्यात."

"घ्या! भरती सुरू व्हायच्या आधीच दोन भरल्या! कोणाच्या हो त्या?"

"एक माझी. एक माझ्या बायकोची."

भानगडी सगळ्यांनी ऐकल्या होत्या, पण इतक्या सरळ आवाजात कोणी कबूल केलेल्या नव्हत्या.

"निदान लपवत तरी नाहीत," कोटवाला आदराने म्हणाला. "आणि उरलेल्या सहा?"

"त्या आमच्या कार्यालयातल्या लोकांसाठी."

यावर जो गलका झाला तो रस्त्यापर्यंत ऐकू गेला. नेमके त्याच वेळी ते सहा सहकारी तिथे गाडीतून उतरत होते. ते अर्धवट उतरलेले तसेच आत बसले आणि गाडी वळली. सहाच्या सहा जणांना वाटेत एकदम ताप भरल्याचे सोमवारी समजले.

"पोहता येतं का सगळ्यांना?" नावाड्याने होडीतून आपले रोजचे विचारले.

"ही अट जाहिरातीत नव्हती!" मागून कोणीतरी ओरडले.

साहेबांनी भरती-ओहोटी समजावली. चंद्र समजावला. हातवारे करून पाणी वर आणले आणि खाली नेले. लोकांनी ते शांतपणे ऐकून घेतले. अकरा वर्षे 'योग्य वेळी' वाचलेल्या माणसांना आता चंद्रसुद्धा टाळाटाळीचा भाग वाटत होता.

"ते असू दे, साहेब," कोटवाला म्हणाला. "सही तुमची, शिक्का तुमचा, जावक क्रमांक आहे. अर्ज घ्या आणि जा खुशाल कुठे जायचं तिथे."

"अर्ज घेतला की पोच द्यावी लागते."

"द्या मग."

इथे साहेबांचा नाइलाज झाला. खोटे बोलून ते निसटू शकले असते, पण पोच न देता अर्ज घेणे त्यांना शक्य नव्हते. ते एका उलट्या ठेवलेल्या लाकडी खोक्यावर बसले आणि वहीची पाने फाडून पोच लिहू लागले. नाव, दिनांक, अनुक्रमांक, कागदांची संख्या, सही.

"सात दहा झाले," नावाडी म्हणाला. "पाणी घटकाभर उभं राहील. मग उतरायला लागेल."

सात पन्नासला साहेबांच्या नऊ पोच लिहून झाल्या होत्या. माणसे त्र्याहत्तर होती.

बाई इतका वेळ होडीत टोपी घालून बसल्या होत्या. त्यांचे बघणे साहेबांना पाठीवर ऊन पडावे तसे जाणवत होते. धक्क्याच्या दगडावर ओली रेघ उघडी पडू लागली तशा बाई उठल्या, वर आल्या आणि त्यांनी दोनदा टाळी वाजवली.

"बोलणं बंद. सगळ्यांनी अर्ज हातात धरा. मागच्यानं पुढच्याकडे द्यायचा. कोटवाले, तुम्ही मोजा."

दीड मिनिटात गठ्ठा तयार झाला.

"अगं, पण पोच..." साहेब उठता उठता म्हणाले.

"एकतीस वर्षं वह्या गोळा केल्या मी. एकालाही पोच दिली नाही आणि एकही वही हरवली नाही. बसा होडीत."

लोकांचे समाधान मात्र अर्धेच झाले होते. अर्ज होडीतून आत नेऊन साहेब त्यांचे काय करतात, हे कोणीतरी बघायला हवे, असे ठरले. सहा जागा रिकाम्या होत्याच. पोच न मिळालेल्यांपैकी पहिले सहा जण देखरेखीसाठी चढले. त्यात कोटवाला होता, आणि एक उमेदवार होती, तिशी ओलांडलेली, जिची फाईल सगळ्यांत जाड होती. चढताना तिने चपला हातात घेतल्या आणि फाईल डोक्यावर धरली. प्रसंग आला तर आधी काय वाचवायचे ते तिचे ठरलेले होते.

नावाडी वल्ही मारू लागला. धक्का मागे पडला, गलका मागे पडला, आणि एका वळणानंतर नुसती हिरवी शांतता उरली. दोन्ही बाजूंनी झाडे पाण्यात वाकून उभी होती, जणू काही पडलेले शोधत होती. गाळातून बोटभर उंचीची हजारो मुळे वर आली होती.

"ही ह्या झाडांची नाकं," बाई म्हणाल्या. बोलताना त्यांचा आवाज वर्गातला झाला होता. "गाळात हवा नसते, म्हणून मुळं वर येऊन श्वास घेतात. आणि त्या लांब शेंगा दिसतात ना, त्यातलं बी आईच्या अंगावर असतानाच रुजतं. चांगला कोंब फुटला की मगच खाली पडतं."

"माझे वडील रोज हेच म्हणतात," कोटवाला म्हणाला. "कोंब केव्हाच फुटला, आता पड खाली."

एक खंड्या निळी रेघ मारून गेला. काठावर बोटाएवढे मासे पाण्याबाहेर येऊन गाळात उड्या मारत होते. हा मासा पाण्यातही राहतो आणि बाहेरही, असे नावाड्याने सांगितले. त्याने दोन्हीकडे अर्ज केलेला असणार, असे कोटवाल्याचे मत पडले. बाई हसल्या. साहेबांनी सकाळपासून पहिल्यांदा खांदे सैल सोडले. दुर्बीण डावीकडे फिरली, उजवीकडे फिरली. पाणमांजर कुठेच नव्हते.

"आणखी आत जाऊ या का?" साहेब म्हणाले.

"पाणी उतरतंय, साहेब."

"थोडंसंच."

थोडेसेच गेले. सव्वानऊला होडी मऊपणे थांबली. नावाड्याने वल्हे खाली खुपसून बघितले.

"लागली," तो म्हणाला.

"काय लागली?"

"होडी. आणि ओहोटी."

"मग आता?"

"आता संध्याकाळी साडेपाच. पाणी परत आलं की आपोआप उचलेल."

"त्याआधी काहीच नाही करता येणार?"

"उतरून ढकलता येईल. कमरेपर्यंत गाळात जाल. मग तुम्हाला कोण ढकलणार?"

कोणी आरडाओरडा केला नाही. अकरा वर्षे थांबलेल्या माणसांना आठ तासांचे काय कौतुक? कोटवाल्याने टाय सैल केला, आणि बाईंनी अंडी वाटली. साहेब मात्र खाली मान घालून बसले होते. समोरचे पाणी डोळ्यांदेखत कमी होत होते आणि त्याबरोबर एकोणीस वर्षांनी उगवलेला रविवार.

"अगं," ते हळूच म्हणाले, "भरती गेली. आता काय दिसणार?"

"तुम्ही पोच लिहा," बाई म्हणाल्या. त्यांनी दुर्बीण खाली ठेवली नाही.

चौसष्ट पोच बाकी होत्या. साहेबांनी वही काढली, तेवढ्यात फाईलवालीने आपल्या फाईलमधून कार्बन पेपर काढला.

"तुम्ही सही करा, मी लिहिते," ती म्हणाली. "कार्बन घातला की प्रतही राहते."

"तुमच्याजवळ कार्बन कसा?"

"लागतो. अकरा वर्षं तुम्हाला अर्ज पाठवतेय. माझ्याकडे प्रत नको?"

तिने फाईल उघडली. अकरा अर्जांच्या प्रती होत्या आणि प्रत्येकीमागे साहेबांचे उत्तर टाचलेले होते. आपली अकरा पत्रे एका जागी बघण्याचा साहेबांना हा पहिलाच योग.

"पाचव्या वर्षीचं बघा," ती म्हणाली. "'आपला अर्ज, योग्य वेळी'. इथं स्वल्पविराम आहे. बाकी एकाही पत्रात नाही. मी आठवडाभर त्याचा अर्थ लावत होते."

साहेबांनी तो स्वल्पविराम जवळून बघितला. तो बहुधा पेनातून गळला होता. हे सांगायचा त्यांना धीर झाला नाही. "अक्षर छान आहे तुमचं," ते म्हणाले.

"तुमची सहीही छान आहे. मजकूर तेवढा जरा तोच तोच असतो."

मग दोघे कामाला लागले. ती लिही, ते सही करीत. गाळ उघडा पडत गेला, त्यावर खेकडे निघाले. ऊन पानांतून गाळून खाली येत होते. एक जण फाईलवर डोके ठेवून झोपला. दुपार झाली तेव्हा एकावन्नावी पोच चालली होती, आणि फाईलवालीचे पेन मध्येच थांबले.

"बाई," ती ओठ न हलवता म्हणाली, "तिकडे, मुळांच्या मागे. ते कुत्रं आहे का?"

ते कुत्रे नव्हते. मुळांच्या जाळीतून एक चपटे, मिशाळ डोके बाहेर आले, त्याने होडीकडे बघितले, होडीत घेण्यासारखे काही नाही असे ठरवले आणि ते गाळावर आले. मागून दोन पिल्ले आली. आईने एक खेकडा धरला, पुढच्या दोन पंजांत उभा केला आणि पाव खावा तसा खाल्ला. कवच फुटल्याचा कुर्रम कुर्रम आवाज होडीत स्पष्ट येत होता. पिल्लांनी एका खेकड्यावरून भांडण काढले, दोन्ही घसरून डबक्यात पडली, आणि खेकडा आपल्या कामाला निघून गेला.

कोणी हलले नाही. कोटवाल्याच्या तोंडात अर्धे अंडे होते, ते त्याने चावायचे थांबवले. साहेब पाणमांजराकडे बघतच नव्हते. ते बाईंकडे बघत होते. बाईंनी दुर्बीण घट्ट धरली होती.

पाव तासाने तिन्ही मुळांत शिरली आणि दिसेनाशी झाली. बाईंनी दुर्बीण खाली घेतली.

"शेपूट चुकली," त्या म्हणाल्या.

"कुणाची?"

"माझी. एकतीस वर्षं मी बारीक काढली, मांजरासारखी, दोरीसारखी. अहो, ती केवढी जाड असते! मुळाशी तर मांडीएवढी, आणि मग निमुळती. पुस्तकातल्या चित्रात शेपूट पाण्याखाली होती. मी आपली मांजर म्हटलंय म्हणून मांजराची काढत गेले." त्यांनी डोळे पुसले आणि मग दुर्बिणीच्या काचा पुसल्या. "नावावर गेले मी."

नावावर गेल्याने काय होते याबद्दल साहेबांकडे त्र्याहत्तर अर्जांचा पुरावा होता.

"नशीबवान आहात," नावाडी म्हणाला. "भरतीला हे कधी दिसत नाही. पाणी उतरून खेकडे उघडे पडले की मगच येतं."

साहेब सावकाश त्याच्याकडे वळले. "मग हे फोनवर का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, होडी आत कधी जाते. ती भरतीलाच जाते. पाणमांजर कधी येतं ते कुठे विचारलंत?"

साहेबांनी हिशेब केला. ठीक सात दहाला निघाले असते, तर नऊच्या आत पाणमांजर न बघता शिस्तीत धक्क्यावर परत आले असते.

"एकोणीस वर्षं उशीर केलात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी राहिलेले शेवटचे केळे सोलून त्यांच्या हातात दिले. "पण वरची पन्नास मिनिटं सत्कारणी लागली."

साडेपाचला पाणी आले आणि होडी आपोआप उचलली. तोवर पोच पूर्ण झाल्या होत्या. शेवटची, त्र्याहत्तरावी, फाईलवालीने स्वतःच्या नावाने लिहिली आणि सहीसाठी साहेबांपुढे केली. अकरा वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी तिच्या कागदावर सही करताना 'योग्य वेळी' लिहिले नाही.

सोमवारी मोठ्या साहेबांनी त्यांना आत बोलावले. टेबलावर ती नोटीस होती.

"निवृत्तीला अकरा दिवस राहिले आणि तुम्ही भरती काढलीत?"

"पाण्याची, सर."

"शिक्का पाण्याचा आहे का?" मोठे साहेब म्हणाले. "तुमच्यानंतर ही शाखाच बंद करायचा प्रस्ताव तयार होता. अकरा वर्षांत एकही अर्ज विचारार्थ दाखल नाही, सबब शाखेची गरज नाही. आता त्र्याहत्तर अर्ज आहेत. कोणाला पोच तर दिली नाहीत ना?"

साहेबांनी कार्बन प्रतींचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"सगळ्यांना दिलीत." मोठ्या साहेबांनी डोळे मिटले. पोच दिलेल्या अर्जाला कारणासह उत्तर द्यावे लागते, हा त्यांच्याच सहीचा नियम होता. उत्तरे द्यायची तर शाखा हवी, शाखा हवी तर माणूस हवा, आणि शाखेतला माणूस अकरा दिवसांनी जाणार होता. म्हणजे भरतीच्या अर्जांना उत्तर देण्यासाठी आधी एक भरती करणे आले. आठवड्याभरात वरून एका जागेची मंजुरी आली. त्र्याहत्तर उमेदवारांमध्ये कामाचा अनुभव असलेली एकच निघाली. अनुभवाच्या रकान्यात तिने लिहिले होते : 'भरतीच्या चौसष्ट अर्जांना पोच देणे. स्थळ : होडी.'

शेवटच्या दिवशी साहेबांनी तिला किल्ली दिली, शिक्का दिला आणि एकच सल्ला दिला. "बाकी काहीही लिहा. भरती हा शब्द मात्र जपून."

दीड महिना गेला. डोंगरावरच्या घरात एका सोमवारी सकाळी फोन वाजला. बाई खाली जमिनीवर नातीला घेऊन बसल्या होत्या, मोठा कागद पसरला होता.

"साहेब, मामा बोलतोय," पलीकडून आवाज आला. "नव्या मॅडमनी काल सहल ठरवली होती. ते तापवाले सहाजण मागेच लागले होते, आम्हालाही पाणमांजर दाखवा म्हणून. मॅडम म्हणाल्या, आत जाऊन ओहोटी लागेपर्यंत थांबायचं."

"भरती लिहिलं नाही ना कुठे?"

"शब्दसुद्धा नाही. एकदम सरळ लिहिलं. वाचून दाखवतो. 'येत्या रविवारी मोठी ओहोटी आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.' खाली सही आणि शाखेचा शिक्का."

"आणि तुम्ही ते..."

"सगळ्यांना कळवलं."

"धक्क्यावर किती जण आले?"

"एकही नाही. मॅडम आणि नावाडी, दोघंच." मामांचा आवाज खाली आला. "बाकी सगळे ऑफिसात, साहेब. रविवारी! सकाळी साडेसातला प्रत्येक जण आपापली खुर्ची धरून, मान खाली घालून काम करत होता. ते सहाजण तर सगळ्यांत आधी आले. मोठे साहेबसुद्धा आठला आले, आणि केबिनचं दार उघडं ठेवून बसले."

साहेबांनी फोन ठेवला.

"कोणाचा होता?" बाईंनी वर न बघता विचारले.

"ऑफिसचा. ओहोटी लागलीय म्हणे."

"मग आली असतील पाणमांजरं बाहेर," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी नातीच्या हातातला खडू नीट धरवला. "हं. आता शेपूट. जाड काढ, अजून जाड."